स्विंडन: अकरा महिने राहिल्यानंतर

गेल्या रविवारी लंडनहून मावसभाऊ सहकुटुंब आला होता. दोन तास फिरला आणि परत जाताना स्टेशनवर म्हणाला, "ताई, इथं राहतेस तरी कशी? बघण्यासारखं काहीच नाही." मला ते फार लागलं. म्हणून गावाला तारे देत हे परीक्षण लिहितेय.

गाव इंग्लंडमध्ये आहे, लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवरून गाडीने तास लागतो, घरभाडं लंडनपेक्षा बरंच कमी, हे सगळं तुम्हाला माहीत असेलच. आयटीतले बरेच जण इथे सहा-सहा महिने काढून गेले आहेत. त्यांतल्या किती जणांनी मॅजिक राउंडअबाउट हा इथला गोल चौक नीट थांबून बघितला, एवढाच माझा प्रश्न आहे.

पहिले दोन महिने मी स्वतः तो टाळला. गाडी जुनी, रस्ते नवे. त्या चौकातून जावं लागू नये म्हणून दोन मैलांचा वळसा घालायचे. महिन्याच्या शेवटी पेट्रोलचा हिशेब मांडला आणि माझाच मला राग आला. मग एका शनिवारी थर्मासमध्ये चहा भरून घेतला आणि कडेच्या फूटपाथवर अर्धा तास नुसती बघत उभी राहिले.

पाच रस्ते तिथे येऊन मिळतात. प्रत्येकाच्या तोंडाशी एक छोटं वर्तुळ आहे आणि त्यात गाड्या इथल्या रीतीप्रमाणे घड्याळाच्या काट्यांसारख्या फिरतात. या पाचांच्या पोटात आणखी एक मोठं वर्तुळ, त्यात मात्र गाड्या उलट्या फिरतात. त्यामुळे पलीकडे जायला दोन वाटा मिळतात: बाहेरून नेहमीसारखी किंवा आतून उलटी. जी जवळची आणि मोकळी, ती घ्यायची. फ्रँक ब्लॅकमोर नावाच्या इंजिनिअरने 1972 मध्ये हे बांधलं. नियम एकच: उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. अख्खा चौक एकदम डोक्यात घेतला तर गोंधळ उडतो. समोरची तुटक पांढरी रेघ बघायची, उजवीकडे बघायचं आणि पुढे जायचं. मग पुढची रेघ. त्या अर्ध्या तासात एकही हॉर्न ऐकला नाही. कोणी काच खाली करून कोणाची आई-बहीण काढली नाही. आता मी रोज दोनदा त्यातून जाते आणि बहुतेक वेळा न थांबता बाहेर पडते. आयफेल टॉवरवर जायला पैसे मोजले होते आणि रांगेत पाय दुखले होते. हा फुकट आहे आणि रोज उपयोगी पडतो.

शेजारीच काउंटी ग्राउंड आहे, स्विंडन टाउनचं फुटबॉल मैदान. 1969 मध्ये तिसऱ्या डिव्हिजनमधल्या या संघाने वेम्ब्लीवर आर्सेनलला 3-1 हरवून लीग कप आणला होता. पबमध्ये कुणाही म्हाताऱ्या माणसाकडे हा विषय काढा, संध्याकाळ सार्थकी लागते.

पबचं सांगते. ऑफिसची मंडळी पहिल्यांदा मला रेल्वे व्हिलेजमधल्या, म्हणजे रेल्वे कारखान्याच्या कामगारांच्या जुन्या वसाहतीतल्या, ग्लू पॉटला घेऊन गेली. कारखान्यातले सुतार सरसाचं भांडं सोबत आणायचे आणि सरस घट्ट होऊ नये म्हणून ते पबातल्या शेगडीवर ठेवायचे, त्यावरून हे नाव पडलं म्हणतात. इथे वेटर टेबलाशी येत नाही, काउंटरवर जाऊन मागावं लागतं. रांग दिसत नाही, पण असते. कोण कोणानंतर आला हे काउंटरवरच्या मुलीच्या डोक्यात पक्कं असतं. वेफर्सचं पाकीट उभं फाडून टेबलाच्या मधोमध पसरतात, सगळ्यांनी त्यातून उचलायचे. हे मला फार आवडलं.

राउंडची पद्धत मात्र आवडली नाही. प्रत्येकाने आळीपाळीने सगळ्यांचं आणायचं. मी बिअरचा अर्धा पाइंट (साधारण पाव लिटर) घेते, तोही संपवत नाही, आणि माझी पाळी आली की पाच पूर्ण पाइंटचे पैसे द्यायचे. दोन महिने गप्प बसले. तिसऱ्या महिन्यात स्पष्ट सांगितलं की मी माझं मी घेईन. कोणाला काही वाटलं नाही. उलट अकाउंट्समधल्या एकाने, "मीपण तेच करणार," असं म्हटलं. तेव्हापासून दर शुक्रवारी जाते. अर्केल्सची थ्रीबी नावाची बिअर घेते. ही ब्रुअरी 1843 पासून इथलीच आहे, आणि त्याच वर्षी रेल्वेचा कारखाना सुरू झाला.

या कारखान्यामुळेच माझं मत पालटलं. मी भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढले. बाबा यार्डात होते. आउटलेट सेंटर म्हणजे सवलतीचा मॉल, एवढंच समजून मी पहिल्यांदा तिथे कोट घ्यायला गेले. रेल्वे व्हिलेजकडून रुळांखालच्या बोगद्यातून जावं लागतं. कामगार पाळीला जायचे तोच हा बोगदा. पलीकडे 1986 मध्ये बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमध्ये दुकानं मांडली आहेत. लोखंडी खांब तसेच उभे. कोट न घेता तासभर वर बघत हिंडले. शेजारच्या स्टीम या रेल्वे म्युझियममध्ये तर दोन शनिवार गेले. रेल्वे व्हिलेजमधल्या गल्ल्यांना लाइन जिथे जिथे जात होती त्या गावांची नावं आहेत: ब्रिस्टल, बाथ, एक्सेटर, टाँटन. कामगारांच्या पगारातून कापून 1847 मध्ये इथे दवाखान्याचा फंड सुरू झाला, डॉक्टर आणि औषधं त्यातून. शंभर वर्षांनी देशभर जी आरोग्यसेवा आली तिच्यासारखंच काम या गावात आधीपासून चालू होतं. मावसभावाला हे सगळं सांगत होते तेव्हा तो फोन बघत होता.

स्टेशनवरच्या चहाची तक्रार करणाऱ्यांसाठी एक माहिती. कंत्राटदारांनी स्टेशन आणि घरं बांधून द्यायची, मोबदल्यात इथला उपाहारगृहाचा हक्क त्यांना 99 वर्षं आणि प्रत्येक गाडी दहा मिनिटं थांबणार, असा करार झाला होता. गिऱ्हाईक आयतंच मिळत असल्याने दर्जा घसरला. ही रेल्वे बांधणारा इंजिनिअर, खुद्द ब्रुनेलने 1845 मध्ये खरमरीत पत्र लिहिलं की इथे कॉफी मिळते हेच मला ठाऊक नव्हतं. त्या करारातून सुटायला रेल्वेला 1895 मध्ये एक लाख पौंड मोजावे लागले. भुसावळला गाडी थांबते तेव्हा फलाटावर केळीवाले एकमेकांशी स्पर्धा करतात, म्हणून केळी चांगली मिळतात.

एक तारा कापतेय तो मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशनसाठी. कामगारांनी उभारलेली वाचनालयाची, नाटकांची 1855 ची देखणी इमारत कारखान्याबरोबर बंद झाली, आणि अजून रिकामी पडून आहे. शेजारून जाताना छताकडे बघवत नाही.

खाण्याचे हाल होतील असं वाटलं होतं, ते झाले नाहीत. पोर्तुगीज पासपोर्टवर आलेली गोव्याची माणसं इथे हजारोंनी आहेत. दुकानात मी इंग्रजीत कोकम शोधत होते, तर मागून, "तुका कितें जाय?" असा आवाज आला. आमसुलं मिळाली, पाव मिळाले, सुक्या बांगड्याची पाककृतीही मिळाली.

घराचा करार पुढच्या महिन्यात संपतोय. एजंटने भाडं वाढवलं, दुरुस्तीला तीन आठवडे लावलेला बॉयलर मी त्याला पुन्हा आठवून दिला, तरी तो हटला नाही. सही केली. मावसभाऊ दिवाळीत परत येतोय. या वेळी त्याला आधी त्या चौकाच्या कडेला अर्धा तास उभा करणार आहे. चहा घरूनच नेईन.