सरसकट नॉकआउट की कंडिशनल? उंदीर मागवण्याआधी

पेशींवरच्या प्रयोगांतून एखादं जनुक हाती लागतं, गाईड म्हणतात "आता उंदरात दाखवा", आणि मग ते उंदराच्या सगळ्या शरीरातून काढायचं (सरसकट नॉकआउट) की फक्त यकृतातून (कंडिशनल), यावर लॅबमध्ये दोन तट पडतात. बहुतेक जण पैसा आणि वेळ बघून ठरवतात. मला ही दोन्ही कारणं दुय्यम वाटतात. त्या जनुकाविना पिल्लू जन्माला येतं का आणि आलं तर वाढतं का, हे आधी बघावं.

सरसकट नॉकआउटची रीत १९८९पासूनची. ती शक्य करणाऱ्या मारिओ कापेकी, मार्टिन इव्हान्स आणि ऑलिव्हर स्मिथीज यांना २००७चं नोबेल मिळालं. तेव्हा भ्रूणाच्या मूलपेशींत जनुक मोडायचं, त्या पेशी दुसऱ्या भ्रूणात सोडायच्या आणि ठिपक्याठिपक्यांचं पिल्लू जन्मलं की आनंद साजरा करायचा. २०१३पासून फलित अंड्यातच क्रिस्पर हे जनुक कापणारं साधन टोचता येऊ लागलं आणि मूलपेशींचा टप्पा गळाला. तरी पहिली पिढी भरवशाची नसते. एकाच उंदराच्या वेगवेगळ्या पेशींत वेगवेगळे बदल झालेले असतात. त्याचा साध्या उंदराशी संकर करून पुढची पिढी घ्यावीच लागते. घाईत पहिल्या पिढीवरच प्रयोग उरकणारे नंतर रडतात.

सरसकट पद्धतीची मर्यादा आरबी जनुकानं १९९२मध्येच दाखवली. माणसात या जनुकाची एक प्रत सदोष असली की लहान मुलांना डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग होण्याचा मोठा धोका असतो. उंदरात दोन्ही प्रती काढल्या तर गर्भ दोन आठवड्यांच्या आसपासच दगावले. एकच प्रत काढली तर उंदीर जगले, पण गाठी डोळ्यात न होता पिट्युटरी ग्रंथीत झाल्या. डोळ्याचा प्रश्न विचारायला गेलेल्याला उत्तर भलत्याच अवयवातून मिळालं.

इथे कंडिशनल उंदीर कामाला येतो. जनुकाच्या महत्त्वाच्या तुकड्याच्या दोन्ही बाजूंना लॉक्स-पी नावाच्या ३४ अक्षरी खुणा बसवतात. पी-१ या जिवाणूभक्षक विषाणूकडून घेतलेलं क्री हे विकर त्या खुणांमधला भाग कापून टाकतं. क्री फक्त यकृतात तयार होत असेल, तर जनुक फक्त यकृतातून जातं. टॅमॉक्सिफेन हे औषध दिल्यावरच काम करणारं क्री वापरलं, तर उंदीर मोठा होईपर्यंत थांबता येतं.

कागदावर सुंदर, पिंजऱ्यात महाग. खुणावाला उंदीर आणि क्रीवाला उंदीर, असे दोन वाण सांभाळायचे. पहिल्या संकरातून हवं ते पिल्लू (जनुकाच्या दोन्ही प्रतींवर खुणा आणि शिवाय क्री) मिळतच नाही. दुसऱ्या संकरात चारात एक मिळतं, म्हणजे सहा-आठ पिल्लांच्या वेतात एखाद-दुसरं. गर्भकाळ वीसेक दिवसांचा आणि वयात यायला सहा ते आठ आठवडे, म्हणजे दोन्ही वाण तयार मिळाले तरी प्रयोगाचे उंदीर हाती यायला सहाएक महिने धरा.

खर्चापेक्षा मला काळजी वाटते ती कंट्रोलची, म्हणजे तुलनेसाठीच्या उंदरांची. मेंदूसाठी सर्रास वापरला जाणारा नेस्टिन-क्री उंदीर मुळातच अंगानं लहान असतो, त्यात तुमच्या जनुकाचा काहीच दोष नसतो. फक्त क्री असलेले, पण खुणा नसलेले उंदीर सोबत तपासले नाहीत, तर चयापचयाचा सगळा डेटा फुकट. टॅमॉक्सिफेन इस्ट्रोजेनच्या रिसेप्टरवर काम करतं, त्यामुळे हाडं किंवा प्रजनन हा विषय असेल तर ते शक्यतो टाळाच.

आणि काहीच झालं नाही तर? १९९२मध्ये मायो-डी हे स्नायूंचं कळीचं जनुक काढलं, तर उंदरांचे स्नायू जवळपास ठणठणीत. जोडीला मिफ-५सुद्धा काढल्यावर, पुढच्याच वर्षी, हाडांवरचे स्नायू तयारच झाले नाहीत. एका भावानं दुसऱ्याचं काम निभावून नेलं होतं. गर्भापासून जनुक नसलं की शरीराला अशी सोय करायला वेळ मिळतो, आणि या बाबतीत उशिरा काढण्याचं पारडं जड ठरतं. २००३मध्ये आरबीबाबतच हे पेशींमध्ये दिसलं: ते जनुक मुळापासून नसेल तर पी-१०७ हा नातलग भरपाई करतो, अचानक काढलं तर थांबलेल्या पेशी पुन्हा विभागू लागतात.

जुना तयार नॉकआउट स्वस्तात मिळतोय म्हणून हुरळून जाऊ नका. कास्पेज-१ हे जनुक नसलेले उंदीर जिवाणूंच्या विषाच्या घातक मात्रेतूनही वाचतात, हे १९९५पासून सगळे धरून चालले होते. २०११मध्ये कळलं की ते उंदीर ज्या '१२९' नावाच्या वाणाच्या मूलपेशींपासून बनवले, त्या वाणात शेजारचं कास्पेज-११ आधीच मोडलेलं होतं. दोन्ही जनुकं इतकी जवळ की पिढ्यान्‌पिढ्या संकर करूनही ती वेगळी होत नव्हती. त्या विषबाधेतली मुख्य भूमिका कास्पेज-११ची निघाली, श्रेय मात्र सोळा वर्षं शेजाऱ्यानं खाल्लं.

उंदराऐवजी झेब्राफिश हा मासा घेतला, तर तो स्वस्त आणि त्याचा गर्भ पारदर्शक, सुरुवातीची वाढ बघायला उत्तम. पण स्तनग्रंथी किंवा फुप्फुस हा विषय असेल तर तिकडे वळण्यात अर्थ नाही.

मला निवडायचं झालं तर आधी आंतरराष्ट्रीय माऊस फिनोटायपिंग कन्सोर्टियमच्या खुल्या डेटाबेसमध्ये जनुक शोधीन. हजारो जनुकांचे नॉकआउट तिथे आधीच तपासलेले आहेत. पिल्लं जगतात असं दिसलं आणि प्रश्न 'हे जनुक करतं काय' इतका मोकळा असेल, तर क्रिस्परनं सरसकट. गर्भ दगावत असतील किंवा प्रश्न एकाच अवयवाचा असेल, तर कंडिशनल, आणि क्रीचा वाण सर्वात जास्त चिकित्सेनं निवडायचा. आपल्याकडे आयसर पुणे आणि बंगळुरूची एनसीबीएस या संशोधन संस्थांमध्ये असे उंदीर बनवण्याचं काम होतं, तिथे आधी बोलून घ्या. संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीच्या अर्जात उंदरांची संख्या लिहिताना नको त्या जनुकप्रकाराची पिल्लंही मोजा. कंडिशनलमध्ये चारातली तीन पिल्लं तशीच असतात, आणि पहिल्या अर्जात सगळे नेमके तिथेच चुकतात.