चिअरलीडिंगचा सराव: सगळ्यांना सारखेच कपडे हवेत का?

चिअरलीडिंगची टीम उभी राहिली की पहिल्या काही आठवड्यांतच कपड्यांचा विषय निघतो. स्पर्धेचा गणवेश सारखा असणार, यावर कुणाचं दुमत नसतं. वाद असतो तो सरावाच्या कपड्यांचा. काही कोच टी-शर्टपासून मोज्यांपर्यंत सगळं एकसारखं आणायला लावतात. काही फक्त रंग ठरवून देतात. काहींचं म्हणणं असतं, अंगाला नीट बसणारं काहीही चालेल. तुम्ही कोच असा, टीमचा हिशेब सांभाळणारे असा किंवा मुलांना टीममध्ये घालणारे पालक असा, या तिन्हींतून एक निवडायचं तर आधी प्रत्येकात मिळतं काय आणि द्यावं लागतं काय, ते पाहायला हवं. माझं मत आधीच सांगते: कपड्याच्या मापाचा आणि जातीचा नियम कडक असावा, रंगाचा सैल असावा, आणि ठरावीक सेट विकत घ्यायची सक्ती टीम स्वतः खर्च उचलणार असेल तरच करावी.

सुरुवात सुरक्षिततेपासून करू, कारण सक्तीच्या बाजूने पहिला मुद्दा तोच मांडला जातो. 1898 मध्ये मिनेसोटा विद्यापीठाच्या जॉनी कॅम्पबेल या विद्यार्थ्याने प्रेक्षकांकडून घोषणा म्हणवून घेतल्या, तिथून चिअरलीडिंगची सुरुवात मानतात. 2021 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने या खेळाच्या जागतिक संघटनेला पूर्ण मान्यता दिली. मधल्या काळात घोषणा देणाऱ्यांचा हा प्रकार माणसाला हवेत फेकून झेलण्यापर्यंत पोहोचला. अशा खेळात कपडा हे साधनच असतं.

बास्केट टॉसमधून, म्हणजे हातांवरून उंच फेकल्यावर, फ्लायर (वर जाणारी मुलगी) खाली येते तो क्षण डोळ्यांसमोर आणा. दोन्ही बेसचे, म्हणजे खालून तिला पेलणाऱ्यांचे, हात तिच्या पाठीखाली आणि मांड्यांखाली जातात, मागे आधाराला उभी असलेली स्पॉटर तिला काखेतून धरते. टी-शर्ट ढगळ असेल तर बोटांच्या आणि शरीराच्या मध्ये कापडाची चुणी येते. हाताला माणूस लागायच्या ऐवजी कापड लागतं, कधी अंगठा त्यात अडकतो आणि फ्लायरच्या वजनाबरोबर पिरगळतो. उलटं होण्याच्या स्टंटमध्ये तोच टी-शर्ट तिच्या तोंडावर येतो आणि तिला जमीन दिसेनाशी होते. गुळगुळीत, चमकदार कापडावरून पकड सुटते, तशीच घामेजलेल्या उघड्या कमरेवरूनही सुटते. हूड, लोंबती नाडी, झिप, फुगलेले खिसे, सगळंच धोक्याचं. दागिने तर नकोतच.

यातला एकही धोका कपडे एकसारखे केल्याने टळत नाही, हे मात्र नीट लक्षात घ्या. अंगासरशी बसणारा, कमरेपर्यंत झाकणारा, खरखरीत नाही पण निसरडाही नाही असा टी-शर्ट निळा असो वा करडा, काम तेच करतो. उलट सगळ्यांसाठी एकगठ्ठा मागवलेले टी-शर्ट हटकून मापाला थोडे मोठे घेतले जातात, ‘मुलं वाढतात’ म्हणून, आणि मग सगळेच ढगळ. सुरक्षिततेसाठी एकच वस्तू बारकाईने ठरवून द्यावीशी वाटते, ती म्हणजे बूट. स्टंटमध्ये फ्लायरचं पाऊल बेसच्या तळहातावर असतं. पळण्याच्या बुटाचा जाड, फुगीर तळ असला की हाताला पाऊल कळतच नाही, टाचही धरता येत नाही. हलका, सपाट तळाचा बूट प्रत्येकीला हवाच. ब्रँड कुठलाही चालेल.

आता कोचची नजर. इथे एकसारख्या कपड्यांचं पारडं खरोखर जड आहे. दोन्ही हात वर तिरके गेल्यावर सोळा जणींपैकी कुणाचं कोपर किंचित वाकलंय, हे पाहायचं असतं. एकीच्या बाह्या लांब, दुसरीचा टी-शर्ट बिनबाह्यांचा, तिसरीच्या छातीवर मोठं चित्र, अशा वेळी नजर कपड्यांवर ठेचकाळत राहते. परीक्षक हालचालींच्या एकसारखेपणाला गुण देतात, त्यामुळे स्पर्धेआधीच्या दिवसांत सगळ्यांनी सारखं दिसून सराव करणं फायद्याचंच. पण नवी रचना शिकताना याच्या नेमकं उलट होतं. पिरॅमिडमध्ये कोण कुणाच्या मागे जाते हेच अजून बसलेलं नसतं, आणि व्हिडिओ पाहताना सगळ्या एकाच रंगात असल्या तर ‘उशिरा कोण निघालं?’ हे कळायला चारदा मागे जावं लागतं. त्या टप्प्यावर बेसना एक रंग आणि फ्लायरना दुसरा दिला तर शिकवणं सोपं जातं. म्हणजे एकसारखेपणाचा उपयोग आहे, पण तो वर्षभराचा नाही.

पैशाचा मुद्दा पालकांना सांगायची गरज नाही, कोचना आहे. आठवड्यातून तीन-चार सराव असतील तर एक सेट पुरत नाही. आज घामाने भिजलेले कपडे धुऊन उद्या वाळलेले हवेत, म्हणजे किमान दोन सेट, खरं तर तीन. त्यात शुल्क, स्पर्धेचा गणवेश, बूट, प्रवास हे आहेच. दरवर्षी डिझाइन बदललं की जुने सेट कपाटात पडून राहतात. हंगामाच्या मधे आलेल्या मुलीला एकटीसाठी सेट मागवणं तर आणखी कटकटीचं.

सक्तीच्या बाजूचे लोक यावर म्हणतात की सगळ्यांचे कपडे सारखे असले की महागड्या ब्रँडची मिरवामिरव थांबते. म्हणणं खरं आहे आणि मनापासूनचं आहे. पण सेट ज्याने त्याने आपल्या पैशाने घ्यायचा असेल तर फरक फक्त जागा बदलतो. एकीकडे कोरे करकरीत तीन सेट, दुसरीकडे रोज धुऊन विटलेला एकच टी-शर्ट. मुलांना हे लगेच दिसतं. साध्या, बिनचित्राच्या कपड्यांचा नियम केला तर मिरवणं तितकंच थांबतं आणि घरात आहे त्यातलं काहीतरी वापरता येतं.

माझ्या लेखी सर्वांत वजनदार मुद्दा शरीराचा आहे, आणि तोच बैठकीत शेवटी, घाईत उरकला जातो. ठरावीक आखूड शॉर्ट्स सगळ्यांनी घालायच्या म्हटलं की काही मुली गप्प होतात. मग एखादी सरावाला यायचीच बंद होते आणि कारण दुसरंच सांगितलं जातं. मोठ्या खेळांमध्ये हा वाद उघडपणे झाला आहे. 2021 मध्ये नॉर्वेच्या महिला बीच हँडबॉल संघाने बिकिनीऐवजी शॉर्ट्स घातल्या म्हणून त्यांना 1500 युरोंचा दंड झाला. जगभर टीका झाली आणि त्याच वर्षी नियम बदलला. टोकियो ऑलिंपिकमध्ये जर्मनीच्या जिम्नॅस्ट पूर्ण पाय झाकणाऱ्या पोशाखात उतरल्या. 2023 मध्ये इंग्लंडच्या महिला फुटबॉल संघाच्या पांढऱ्या शॉर्ट्स जाऊन निळ्या आल्या, कारण पाळीच्या दिवसांत पांढऱ्या कपड्यांची धास्ती खेळाडूंनी बोलून दाखवली होती. एवढ्या मोठ्या खेळाडूंना जे बोलायला इतका काळ लागला, ते तेरा वर्षांच्या मुलीने कोचसमोर बोलावं ही अपेक्षाच चुकीची. म्हणून खालचा कपडा गडद रंगाचा असावा, शॉर्ट्स की लेगिंग्ज हे जिने तिने ठरवावं, आणि डोकं झाकणाऱ्या मुलीला अंगासरशी बसणारा, पिन नसलेला खेळाचा स्कार्फ न मागता मान्य असावा. टीममधल्या मुलग्यांनाही हीच मोकळीक हवी.

टीमभावनेचं म्हणाल तर एकसारख्या टी-शर्टने ती वाढते, यात शंका नाही. त्याला एक टी-शर्ट पुरतो.

नवी किंवा हौशी टीम असेल तर कपड्यांची जात, माप आणि बूट एवढाच नियम ठेवा. शाळा-कॉलेजच्या टीमने त्यात रंगाची भर घालावी: गडद खालचा कपडा आणि ठरलेल्या रंगाचा कुठलाही साधा टी-शर्ट. स्पर्धेत उतरणाऱ्या टीमने सरावाचा एक टी-शर्ट शुल्कातच धरून सगळ्यांना द्यावा आणि तो आठवड्यातल्या एका दिवसापुरता, शिवाय स्पर्धेआधीच्या दिवसांत सक्तीचा करावा. मागवण्याआधी नमुना दोघी-तिघींना घालायला द्या. हात वर करा, कमान टाका, हातांवर उभं राहा. पोट उघडं पडलं किंवा कापड तोंडावर आलं, तर तो टी-शर्ट कितीही छान दिसत असला तरी परत पाठवा.

नियम लिहून काढताना त्यात आणखी एक ओळ घाला, कपडे विसरले तर काय करायचं याची. चुकीच्या रंगाचा टी-शर्ट घालून आलेलीला बाजूला बसवू नका, तिच्याबरोबर तिचा स्टंटचा गटही रिकामा बसतो. ढगळ कपड्यात आलेलीला मात्र स्टंटमध्ये घेऊ नका. तिच्यासाठी कोचच्या बॅगेत वेगवेगळ्या मापांचे दोन-तीन टी-शर्ट कायम ठेवा.