कप्स प्रिंट सर्व्हर: काही महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर

आमच्या ऑफिसात विंडोज, मॅक आणि लिनक्स अशी सगळी मशीन्स एकाच नेटवर्कवर आहेत आणि प्रिंटरही निरनिराळ्या कंपन्यांचे. आधी जो तो आपल्या मशीनवरून थेट प्रिंटरला प्रिंट द्यायचा. प्रिंट निघायची, पण रांग कुणालाच दिसायची नाही. जॉब (छपाईला पाठवलेलं काम) अडकला की तो कुणाचा हे टेबलाटेबलावर जाऊन विचारावं लागे. आता एका जुन्या मशीनवर लिनक्स टाकून त्यावर कप्स (CUPS, सगळ्यांच्या प्रिंट एका जागी घेऊन प्रिंटरकडे पाठवणारं सॉफ्टवेअर) चालवतोय आणि जवळजवळ सगळ्या प्रिंट तिथूनच जातात. छपाईचा वेग आहे तेवढाच आहे. मात्र ब्राउझरमधून सर्व्हरच्या 631 पोर्टवरच्या पानावर गेलं की कुठला जॉब कुठे थांबलाय ते समोर दिसतं, आणि एवढ्यासाठीसुद्धा मी हा खटाटोप पुन्हा करेन.

ते पान सुरुवातीला फक्त त्या मशीनपुरतंच उघडं असतं, नेटवर्कसाठी ते मुद्दाम उघडावं लागतं. दुसऱ्याच्या जॉबचं नाव आणि मालक मूळ सेटिंगमध्ये झाकलेले असतात, ॲडमिन लॉगिन केलं की दिसतात. ही सोय मी तशीच ठेवली आहे. पगारपत्रकाच्या फाइलचं नाव सगळ्या ऑफिसने वाचायचं कारण नाही.

मॅकवर काहीच करावं लागलं नाही. 2002 पासून तिथली छपाई कप्सवरच चालते. विंडोजवर प्रिंटर जोडताना सर्व्हरचा पत्ता, 631 पोर्ट आणि क्यूचं (त्या प्रिंटरच्या रांगेचं) नाव हाताने टाकलं की काम होतं. 2021 मध्ये विंडोजच्या स्पूलरमध्ये (छपाईची रांग सांभाळणाऱ्या भागात) 'प्रिंटनाइटमेअर' हा सुरक्षादोष सापडला. त्यानंतर सर्व्हरवरून ड्रायव्हर उतरवून घ्यायला ॲडमिनचे अधिकार लागू लागले. त्यामुळे कंपनीच्या ड्रायव्हरशिवाय आयपीपीने (नेटवर्कवरून छपाई करायच्या प्रमाणित पद्धतीने) प्रिंट देणं हीच आता सगळ्यांत कमी कटकटीची वाट आहे.

कप्स बसवल्यावर पहिल्यांदा एरर पॉलिसी, म्हणजे छपाई फसली तर काय करायचं ते ठरवणारं सेटिंग, बघा, इथे मी हट्टाने सांगेन. कप्सचं स्वतःचं डीफॉल्ट 'स्टॉप-प्रिंटर' आहे. जॉब जाता जाता प्रिंटरशी जोडणी तुटली की सर्व्हर सगळी क्यूच बंद करतो. प्रिंटर पुन्हा सुरू होतो, हिरवा दिवा लागतो, पण क्यू बंदच. लोकांना वाटतं प्रिंट गेलीच नाही, मग तेच पुन्हा पुन्हा पाठवतात. नंतर कुणीतरी क्यू चालू करतं आणि एकाच फाइलच्या प्रतींचा ढीग बाहेर पडतो. पॉलिसी 'रीट्राय-जॉब' केली की सर्व्हर क्यू बंद न करता 30 सेकंदांनी स्वतःच पुन्हा प्रयत्न करतो. 'अबॉर्ट-जॉब' नको, त्यात जॉब रद्द होतो आणि पाठवणाऱ्याला बहुतेकदा पत्ताही लागत नाही.

दुसरी आवडलेली गोष्ट म्हणजे जॉब हलवणं. एका प्रिंटरचा टोनर संपला की थांबलेले जॉब दुसऱ्या क्यूवर ढकलता येतात. वेब पानावर बटण आहे, टर्मिनलवर 'एलपीमूव्ह'. जॉब पीडीएफ म्हणून आलेला असेल तर सर्व्हर तो नव्या प्रिंटरसाठी नव्याने तयार करतो आणि पान नीट निघतं. पण एखाद्याच्या मशीनवर प्रिंटर कंपनीचा ड्रायव्हर असेल आणि त्याने आधीच त्या प्रिंटरच्या भाषेत जॉब बनवून पाठवला असेल, तर ती भाषा न समजणाऱ्या प्रिंटरमधून पानंच्या पानं निरर्थक अक्षरं बाहेर पडतात. म्हणून जमेल तिथे कंपनीचे ड्रायव्हर काढून टाकले.

सगळं काही सर्व्हरच्या हातात नसतं. बाहेरून आलेली एखादी पीडीएफ लेटर या अमेरिकन कागदाच्या आकाराची असते, प्रिंटरमध्ये ए4 भरलेला असतो, आणि प्रिंटर लेटर कागद मागत बसतो. मागचे सगळे खोळंबतात. क्यूवर ए4 डीफॉल्ट ठेवलं तरी पाठवणाऱ्या मशीनने लेटर मागितला तर त्याचंच चालतं. निदान अडवणारा जॉब कोणता ते आता लगेच कळतं आणि तेवढाच रद्द करता येतो.

पानांचा हिशेब हवा असेल तर लक्षात घ्या, कप्सच्या नव्या आवृत्त्यांत पेज लॉग (कुणी किती पानं छापली याची नोंद) आपोआप भरत नाही. त्यासाठी सर्व्हरच्या सेटिंगमध्ये 'पेजलॉगफॉरमॅट' लिहावं लागतं. त्यात येणारं नावही लॉगिन सक्तीचं नसेल तर पाठवणारं मशीन सांगेल तेच. खर्च वाटून घ्यायला एवढ्यावर विसंबू नका.

वायफायचं जाळं वेगळ्या सबनेटवर (नेटवर्कच्या वेगळ्या भागात) असेल तर फोनला प्रिंटर दिसत नाहीत, कारण ही शोधाशोध एमडीएनएसवर (जवळच्या उपकरणांना नावाने शोधायच्या पद्धतीवर) चालते आणि ते राउटर ओलांडत नाही. आम्ही लिनक्सवरच्या अवाही या सेवेचा रिफ्लेक्टर (हे संदेश एका सबनेटवरून दुसऱ्यावर पोचवणारी सोय) चालू केला, तेव्हापासून दिसतात.

सप्टेंबर 2024 मध्ये कप्स-ब्राउज्ड या, नेटवर्कवरचे प्रिंटर आपोआप शोधणाऱ्या, जोडीच्या सेवेत गंभीर सुरक्षादोष जाहीर झाले. ती सेवा यूडीपी 631 वर ऐकत बसते. आमच्या सर्व्हरला तिची गरज नव्हती, म्हणून बंदच ठेवली आहे. गरज असेल तर अपडेट केल्याशिवाय चालवू नका.

पानं स्टेपल करण्याची आणि पिन क्रमांक टाकून प्रिंट घेण्याची सोय असलेलं मोठं मशीन मात्र मी सर्व्हरमागे नेलं नाही, कारण ते पर्याय ड्रायव्हरशिवाय आम्हाला पूर्ण मिळाले नाहीत. ते विंडोजवरून थेट चालतं. तिथे प्रिंटर चालू असूनही 'ऑफलाइन' दिसायला लागला, तर पोर्टच्या सेटिंगमध्ये एसएनएमपी स्टेटसची (नेटवर्कवरून प्रिंटरची स्थिती विचारण्याची) खूण काढून बघा. प्रिंटरने त्या विचारणेला उत्तर दिलं नाही की विंडोज त्याला ऑफलाइन धरतं.