आर्गोच्या आकड्यांतून इर्मिंगर प्रवाह: काही महिने वापरून झाल्यावर

आकडेवारी घेतली होती तापमानासाठी, अडकलो क्षारतेत, म्हणजे पाण्याच्या खारेपणात. ग्रीनलंड आणि आइसलंडच्या मधल्या समुद्रात गेल्या काही दशकांत काय उलथापालथ झाली हे ज्यांना स्वतः आलेख काढून पाहायचं आहे, त्यांनी आर्गो जरूर वापरावं. फुकट आहे, सगळ्यांना खुलं आहे. फक्त काही गोष्टी आधी ठाऊक असल्या तर पुढचा मनस्ताप वाचेल.

आर्गो म्हणजे जगभरच्या समुद्रांत सोडलेले सुमारे ४,००० स्वयंचलित फ्लोट, म्हणजे पाण्यात वर-खाली करणारी मोजणीची उपकरणं. फ्लोट १,००० मीटर खोलीवर वाहत राहतो, साधारण १० दिवसांनी २,००० मीटरपर्यंत बुडी मारतो आणि वर येता येता दाब, तापमान, क्षारता मोजतो. पृष्ठभागावर आला की उपग्रहामार्फत आकडे धाडतो. मी पाहिलं ते इर्मिंगर प्रवाहापुरतं. उत्तर अटलांटिक प्रवाहाची ही शाखा आइसलंडच्या नैऋत्येला समुद्राखाली असलेल्या रेक्यानेस पर्वतरांगेच्या पश्चिम अंगाने उत्तरेला चढते, ग्रीनलंड-आइसलंडमधल्या डेन्मार्क सामुद्रधुनीच्या तोंडाशी तिचा मोठा भाग वळतो आणि ग्रीनलंडच्या पूर्व उताराला धरून खाली येतो. किनाऱ्यालगत आर्क्टिकचं थंड, कमी खारं पाणी. त्याला खेटूनच हे उबदार, जास्त खारं. केप फेअरवेलला, म्हणजे ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला वळसा घालून हे पाणी पश्चिम ग्रीनलंडच्या हिमनद्यांपर्यंत पोचतं. याकोब्सहाव्न हिमनदी १९९७ नंतर झपाट्याने मागे हटली त्यामागे याच पाण्याची ऊब होती, आणि २०१६ पासून पाणी थंडावल्यावर तिचा वेग काही वर्षं मंदावलाही.

मला सर्वांत भावला तो हिवाळा. जहाजं इथे बहुतेक उन्हाळ्यातच जात. फ्लोटला वादळाचं सोयरसुतक नाही. २०१४-१५ च्या हिवाळ्यातली इर्मिंगर समुद्रातली, म्हणजे ग्रीनलंडच्या आग्नेयेच्या समुद्रातली, प्रोफाइल (एका बुडीत खोलीनुसार घेतलेली मोजमापं) उघडून पाहा. एरवी खोलीनुसार वाकडीतिकडी जाणारी तापमानाची आणि क्षारतेची रेघ काही ठिकाणी पृष्ठभागापासून १,००० मीटरच्याही खाली जवळजवळ सरळ उभी दिसते. वाऱ्याने इतकी उष्णता ओढून घेतली, की वरचं पाणी जड होऊन खालपर्यंत घुसळलं गेलं. एक आलेख पाहिला आणि पुस्तकातली चार पानं समजली.

आता क्षारतेबद्दल. वरच्या थरातलं तापमान हवेशी देवाणघेवाण करून लवकर बदलतं, मीठ मात्र हवेत उडून जात नाही. त्यामुळे पाणी आलं कुठून, हे क्षारता जास्त काळ सांगत राहते. शिवाय इतक्या थंड पाण्यात घनतेवर क्षारतेचा प्रभाव मोठा असतो. २०१२ ते २०१६ या काळात उपध्रुवीय अटलांटिकच्या पूर्व भागात क्षारता जी घसरली, ती १२० वर्षांतली सर्वांत मोठी घट मानली जाते. हिवाळी वाऱ्यांचा साचा बदलला, उत्तर अटलांटिक प्रवाह मंदावला आणि पश्चिम काठाने जाणारं आर्क्टिकचं कमी खारं पाणी पूर्वेकडे वळलं. बातम्यांत गाजला तो २०१५ चा थंड डाग, म्हणजे उत्तर अटलांटिकमधला नेहमीपेक्षा थंड पाण्याचा पट्टा. माझ्या मते खरी गोष्ट क्षारतेच्या रकान्यात होती.

आणि नेमका हाच रकाना डोळे झाकून वापरता येत नाही. क्षारतेत अपेक्षित अचूकता ०.०१ (किलोभर पाण्यात साधारण ०.०१ ग्रॅम मीठ) आहे आणि खोल थरांतले दशकभराचे बदलही कधीकधी शतांशांतच असतात. त्यात काही फ्लोटांचे सेन्सर हळूहळू क्षारता जास्त दाखवू लागतात. २०१५ नंतरच्या बऱ्याच फ्लोटांत हे आढळलं आहे. ताजी फाइल तशीच उचलली, तर समुद्र खारट होत चालल्याचा छान, चढता आणि खोटा आलेख मिळतो. फाइलच्या नावात ‘आर’ असेल तर ती ताजी, ‘डी’ असेल तर तज्ज्ञांनी तपासलेली. तपासणीला साधारण वर्ष जातं. दीर्घकालीन बदलासाठी ‘डी’च घ्यावी, त्यातही सुधारित क्षारतेचा रकाना, आणि गुणवत्तेचा शेरा १ असलेलेच आकडे. एवढं गाळल्यावर हाती कमी उरतं, उरू द्यावं.

दुसरी खोच: फ्लोट एका जागी थांबत नाही. एका फ्लोटच्या आलेखात पाणी थंड झालेलं दिसलं, तर पाणी बदललं की फ्लोटच प्रवाहातून बाहेर सरकला, हे आधी नकाशावर पाहावं लागतं. उथळ किनारी भागात तर फ्लोट फारसे जातच नाहीत, म्हणजे पूर्व ग्रीनलंडच्या काठचं कमी खारं पाणी बरंचसं निसटतं. डेन्मार्क सामुद्रधुनीतून ओतणारं जड पाणी पुढे २,००० मीटरच्या खाली उतरतं. तिथे साधे फ्लोट पोचत नाहीत, ६,००० मीटरपर्यंत जाणारे खोल आर्गोच हवेत.

‘दीर्घकालीन’ या शब्दाला मात्र आर्गो एकटं पुरत नाही. पहिले फ्लोट १९९९-२००० चे, ३,००० चा आकडा गाठला २००७ मध्ये. १९६० च्या दशकाअखेरीस आइसलंडच्या उत्तरेला दिसलेला कमी खाऱ्या पाण्याचा लोंढा केप फेअरवेलवरून लॅब्राडोर समुद्रात गेला आणि उपध्रुवीय अटलांटिकला फेरी मारून १९७० च्या दशकाअखेरीस नॉर्वेजियन समुद्रात पोचला. तो आर्गोच्या आकड्यांत कुठेच नाही. त्यासाठी जहाजांच्या जुन्या नोंदी लागतात: पश्चिम ग्रीनलंडमधल्या नूकजवळच्या फिला बँक या उथळ भागावरच्या, आणि स्कॉटलंडहून निघणाऱ्या एलेट रेषेवरच्या, म्हणजे जहाजांनी पुन्हा पुन्हा मोजलेल्या ठरावीक मार्गावरच्या (१९७५ पासून). मी त्या जोडल्या तेव्हा कुठे चढउतारांना आकार आला. १९९० च्या दशकाच्या मध्यानंतरची उबदार, खारी चढण आधीच्या घसरणीशेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही.

फाइली नेटसीडीएफ या वैज्ञानिक आकड्यांसाठीच्या स्वरूपात असतात. पायथन येत असेल तर उत्तम, नाहीतर ओशन डेटा व्ह्यू हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. सुरुवातीला सगळा अटलांटिक उतरवू नका, केप फेअरवेलच्या पूर्वेचा छोटा चौकोन घ्या.