तट्टूस्वारी उत्तम, हस्तकला घाईची: दिव्यांग मुलांसाठीचा एक रविवार

जानेवारीतल्या एका रविवारी नागपुरात काटोल रोडलगतच्या एका खासगी मैदानावर दिव्यांग मुलांसाठी तट्टूस्वारी आणि हस्तकलेचा दिवस ठेवला होता. आमच्या नऊ वर्षांच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. मांड्यांचे स्नायू ताठ असल्यामुळे चालताना त्याचे पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकतात. पोलिओने गुडघ्याखालचे पाय लुळे पडलेल्या डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये अश्वारोहणात रौप्यपदक जिंकले, हे मी त्याला आदल्या रात्री सांगितले होते आणि त्याचा परिणाम असा झाला की गाडीत बसल्यापासून तो पदक कधी मिळणार एवढेच विचारत होता.

स्वारीची व्यवस्था जाणकाराने केलेली दिसत होती. तट्टूच्या पाठीच्या उंचीचा लाकडी चौथरा आणि त्यावर जाणारा उतार होता, त्यामुळे मुलाला व्हीलचेअरवरून उचलून वर फेकल्यासारखे बसवावे लागले नाही. खोगिराऐवजी जाड नमदा आणि पकडायला मूठ असलेला पट्टा होता. नमद्यातून जनावराच्या अंगाची ऊब मांड्यांना मिळते आणि ताठलेले स्नायू सैल व्हायला मदत होते. घोडा चालतो तेव्हा त्याची पाठ पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे हलते, थोडी वळतेही, आणि स्वाराच्या कमरेला जवळजवळ माणसाच्या चालीचीच लय मिळते. लगाम मोतद्दाराच्या हातात आणि दोन्ही बाजूंना एकेक माणूस, असे तिघे प्रत्येक मुलामागे होते.

मोतद्दारांनी मुलाला लगेच वर बसवले नाही. आधी त्याचा तळहात आयाळीखाली, मानेच्या उबदार भागावर ठेवला आणि तट्टूने कान त्याच्याकडे वळवेपर्यंत ते थांबले. पहिल्या दोन फेऱ्यांत मुलगा पट्ट्यावर ओणवा झाला होता, चौथ्या फेरीत त्याची पाठ सरळ झाली आणि उतरवताना दोन्ही टाचांमध्ये वीतभर अंतर होते. हा सैलपणा संध्याकाळपर्यंत ओसरला, हेही सांगायला हवे; एका दिवसाच्या स्वारीला उपचार म्हणता येणार नाही.

एक त्रुटी मात्र गंभीर वाटली. डाऊन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेचे वरचे मणके अस्थिर असतात, म्हणून स्वारीपूर्वी डॉक्टरांकडून मानेची तपासणी करून घेणे आवश्यक असते. नोंदणीच्या अर्जात त्याबद्दल एकही प्रश्न नव्हता. शिवाय लाऊडस्पीकरचा आवाज इतका मोठा होता की स्वमग्न मुलांनी कान झाकले होते आणि तट्टूही बिचकत होते.

जेवणानंतरच्या हस्तकलेबद्दल इतके चांगले लिहिता येत नाही. हॉलला दोन पायऱ्या होत्या, उतार नव्हता, आणि टेबलांखाली व्हीलचेअर शिरत नव्हती. विषय नागपूरच्या मुलांच्या जिव्हाळ्याचा निवडला होता: तान्ह्या पोळ्यासाठी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मुलांच्या सणासाठी, लाकडी नंदी रंगवणे. पण बारीक दांड्याचे ब्रश आमच्या मुलाच्या मुठीत टिकत नव्हते, आणि वेळ संपत आल्याने स्वयंसेविकेने त्याच्या हातातला नंदी घेऊन स्वतःच झरझर रंगवून दिला. दांड्याला फोम किंवा जुने कापड गुंडाळले असते किंवा स्पंजचे तुकडे दिले असते, तरी काम भागले असते. मातीकामाच्या टेबलावर मात्र मुले रमली होती, कारण तिथे कोणालाच नीटनेटके काही बनवायचे नव्हते.

पाचशे रुपये शुल्क केवळ स्वारीसाठीही मला योग्य वाटते. जाणार असाल तर सकाळची पहिली तुकडी मागा. अकरानंतर ऊन चढते आणि रांगही वाढते. नंदी आता आमच्या टीव्हीशेजारी उभा आहे. त्याच्या शेपटीवरचा निळा डाग तेवढा आमच्या मुलाचा आहे आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाला तो फक्त शेपटीच दाखवतो.