ग्लव्ह बॉक्समागचा डबा

सोसायटीच्या पार्किंगमध्ये माझ्या गाडीच्या डाव्या दारावर कुणीतरी किल्लीने रेघ ओढली. रंगवून आणली, तर पंधरा दिवसांत दुसरी रेघ. म्हणून डॅशकॅम घेतला, गाडी बंद असतानाही रेकॉर्डिंग करणारा. रेघ मारणारा काही सापडला नाही, पण सकाळी गाडी मात्र दोनदा सुरू झाली नाही. कॅमेरा रात्रभर गाडीच्याच बॅटरीवर चालायचा, आणि छोट्या गाडीची बॅटरी ती केवढी, 35 एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे साठवणक्षमता), तीही तीन वर्षं जुनी. शेजाऱ्यांच्या गाडीवरून केबल लावून स्टार्ट केली, तेव्हा त्यांनीच सांगितलं की कॅमेऱ्यासाठी वेगळा बॅटरी पॅक मिळतो. गाडी चालताना तो चार्ज होतो आणि बंद असताना कॅमेरा त्याच्यावर चालतो. कल्पना चांगली आहे आणि माझी तक्रार तिच्याबद्दल नाही.

पुण्यातल्याच एका ॲक्सेसरीजवाल्याकडे गेलो. त्याने काळा डबा दाखवला. लिथियम फॉस्फेट, 12.8 व्होल्ट, सहा एएच, ‘चाळीस तास आरामात चालेल’. फिटिंगसकट 13,500 रुपये. तिथल्या तिथे एक भागाकार केला असता तरी पुढचं सगळं टळलं असतं. 12.8 गुणिले 6 म्हणजे साधारण 77 वॅट-अवर. माझा कॅमेरा पार्किंगमध्ये चार-एक वॅट खातो. अस्सल माल असता तरी एकोणीस तासांच्या वर गेला नसता. पण दुकानात उभं असताना भागाकार कोण करतं? आपण रंग आणि वॉरंटी विचारतो.

मी विचारलं ते एवढंच, की बसवणार कुठे? आणि इथे माणूस खरंच हुशार निघाला. त्याने जे जे नाकारलं, ते बरोबर कारण देऊन नाकारलं. डॅशबोर्डवर नको, उन्हात तापेल. बॉनेटखाली तर विषयच नाही. डिकीत सीएनजीची टाकी आहे, तिच्या शेजारी बॅटरी कशाला? सीटखाली ठेवला तर पावसाळ्यात पाणी साचतं, शिवाय सीट मागेपुढे करताना वायर चिरडते. चार गोष्टी खऱ्या बोलल्या की पाचवीवर आपण डोळे मिटून मान डोलावतो. पाचवी होती, “ग्लव्ह बॉक्सच्या मागे बसवतो साहेब. फ्यूज बॉक्स पण जवळ, आणि बाहेरून काही दिसणारच नाही.” ग्लव्ह बॉक्स म्हणजे डाव्या सीटसमोरचा झाकणाचा खण.

मला तेच हवं होतं. गाडीत वायरी लोंबकळलेल्या मला खपत नाहीत. पोराने ग्लव्ह बॉक्स उतरवला, तेवढ्यात मला आत चहाला बोलावलं. अर्ध्या तासाने बाहेर आलो तर सगळं चकाचक. बिल म्हणून एक चिठ्ठी मिळाली, ‘कार ॲक्सेसरीज 13,500’. जीएसटी क्रमांक नाही, मॉडेल नाही, सिरियल नंबर नाही. यूपीआयचे पैसेही दुकानाच्या नावावर न जाता कुणाच्या तरी खासगी नावावर गेले, हे मी चार महिन्यांनी पाहिलं.

पहिला महिना रेकॉर्डिंग पहाटेपर्यंत मिळायचं. मग रात्री तीनपर्यंत, मग दीड. फोन केला तर म्हणाला, “गाडी कमी चालवता साहेब, चार्जच होत नाही.” मी येडा, रविवारी मुद्दाम लोणावळ्याला जाऊन आलो. तरी दीडच.

एप्रिलमध्ये सर्व्हिसिंगला गाडी टाकली. एसीचा केबिन फिल्टर माझ्या गाडीत ग्लव्ह बॉक्सच्या मागेच असतो. मेकॅनिकने तो काढायला झाकण उतरवलं आणि मला हाक मारली. “सर, हे कुणी लावलंय?” डबा ब्लोअरच्या, म्हणजे एसीच्या पंख्याच्या, कवचावर नुसत्या दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने लावलेला. उन्हाने टेपचा डिंक पातळ होऊन डबा एका बाजूने लोंबत होता आणि त्याची एक कड तापून बोटभर वाकली होती. इग्निशनची वायर सोलून तिला दुसरी पिळून वर काळी पट्टी गुंडाळलेली. फ्यूज नाही. पाच-दहा रुपयांचा फ्यूज होता तो. हे पेटलं असतं तर नेमकं बायकोच्या गुडघ्यांसमोर. मेकॅनिकने तिथेच वायर सोडवली आणि म्हणाला, वायरिंगची वॉरंटी आता कंपनी देणार नाही.

मल्टिमीटर लावला तर 12.1 व्होल्ट. मेकॅनिकने सांगितलं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. लिथियम फॉस्फेटचे चार सेल भरलेले असतील तर थोडा वेळ तसेच ठेवल्यावरही 13 च्या वर दाखवतात. साध्या लिथियम आयनचे तीन सेल काठोकाठ भरले तरी 12.6 च्या वर जाऊच शकत नाहीत. मी तर चाळीस किलोमीटर गाडी चालवून तिथे पोचलो होतो, म्हणजे डबा भरलेला असायला हवा होता. तरी 12.1, म्हणजे आत फॉस्फेट नसावंच.

घरी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केलं, 970 ग्रॅम. बरोबर वाटलं, म्हणून क्षणभर मेकॅनिकवरच संशय आला. मग स्क्रू काढले. (तापून वाकलेला डबा घरात उघडायचा नसतो. मी बाल्कनीत उघडला, तोही मूर्खपणाच.) आत बोटाएवढे सहा सेल, लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीतून निघतात तसले. तीन निळे, दोन गुलाबी, एकाचं वेष्टन फाटलेलं. आणि उरलेल्या जागेत पांढऱ्या सिमेंटची वडी, कापडात गुंडाळून, हलू नये म्हणून गोंदाने चिकटवलेली. वजनाचा हिशोब कुणीतरी मन लावून केला होता.

तेव्हा उमगलं की ती जागा बॅटरीसाठी निवडलीच नव्हती. सीटखाली असता तर मी केव्हातरी वाकून पाहिला असता, हात लावून गरम आहे का बघितलं असतं, वाकलेली कड दिसली असती. ‘बाहेरून दिसणार नाही’ ही सोय माझी नव्हती, त्याची होती.

डबा घेऊन दुकानात गेलो. “उघडलात ना साहेब? मग वॉरंटी संपली.” 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यांनी पहिल्यांदा बिल मागितलं आणि माझी चिठ्ठी वाचून दाखवताना माझीच मला लाज वाटली. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, तेव्हा जायची तयारी केली. तसं दुकानदाराला सांगितल्यावर त्याने चार हजार रोख काढून दिले, तेही चार गिऱ्हाइकं दुकानात असताना मी मोठ्याने बोललो म्हणून. बाकीच्यासाठी यूपीआयच्या नोंदी आणि मेकॅनिकने काढलेले फोटो जोडून अर्ज लिहितोय.

नवा पॅक पक्क्या बिलावर घेतला आणि डाव्या सीटखाली बसवला. तिथेही भानगडी आहेत. मागच्यांच्या पायाशी एसीची हवा सोडणारी नळी तिथून जाते का ते आधी बघावं लागतं. पिवळे कनेक्टर दिसले तर त्यांना हात लावायचा नाही, ते एअरबॅगचे असतात. पावसाचं पाणी लागू नये म्हणून डबा कार्पेटपासून दोन बोटं वर, पत्र्याच्या पट्टीवर नटबोल्टने कसला. ब्रेक दाबल्यावर किलोभर वजन पायात यायला नको. वायर फ्यूज बॉक्समधून फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागी बसणारा, स्वतःचा फ्यूज असलेला जोड) लावून घेतली, गाडीची एकही वायर कापू दिली नाही. आणि पोरगा काम करत असताना मी चहा नाकारून दारात उकिडवा बसून राहिलो. तो वैतागला असणार.

मागच्या सीटवर बसणाऱ्याला आता डबा सरळ दिसतो. आई विचारते, हे काय बॉम्बसारखं ठेवलंयस. रेकॉर्डिंग सकाळी सातपर्यंत मिळतं. सिमेंटची वडी फडताळात ठेवली आहे, अर्जासोबत दाखवायला.