फिन विकणारा बुटांबद्दल विचारत नसेल तर व्यवहार तिथंच थांबवा

स्कूबा डायव्हिंगसाठी पायात चढवायच्या रबरी जेट फिन्स म्हणून एका माणसाकडून घेतल्या, त्या नकली निघाल्या. फिन्सचे १३,९९९, टाचेमागे बसणाऱ्या स्प्रिंग स्ट्रॅपचे २,४५० आणि विमा असलेल्या कुरिअरचे म्हणून १,२६०. एकूण १७,७०९ रुपये गेले. तक्रारीच्या प्रत्येक खिडकीवर "थोडक्यात सांगा" असं ऐकलंय, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

मोठी सवलत, "शेवटचा एकच जोड उरलाय", पैसे आधी. हा साचा सगळ्यांना ठाऊक आहे, मलाही होता. पण हा माणूस भामट्यासारखा बोलतच नव्हता. स्प्लिट (मधून चिरलेल्या) फिन्स फ्लटर किकला, म्हणजे पाय आळीपाळीने वरखाली मारायला ठीक, पण फ्रॉग किक (बेडकासारखे पाय मारणं) आणि मागे सरकण्यासाठी अडचणीच्या, हे त्याने बरोबर सांगितलं. जेट फिनच्या ब्लेडमध्ये, म्हणजे पुढच्या पात्यात, फटी का असतात, तेही. विषय इतका येणाऱ्या माणसावर कुणीही विश्वास ठेवला असता. आणि जेट फिन १९६५ पासून जवळपास त्याच रूपात विकली जाते, त्यामुळे नक्कल करणाऱ्याला सोपं आणि फोटोवरून ओळखणाऱ्याला महाकठीण.

पण एक प्रश्न त्याने विचारलाच नाही, आणि ते आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. त्याने फक्त चपलेचा नंबर विचारला. मागून उघडी, स्ट्रॅपची फिन निओप्रीनच्या (फोमसारख्या रबराच्या) बुटांवर चढवतात. बूट ३ मिलिमीटरचे की ५ चे, तळवा जाड की पातळ, यावर फिनचा साइज बदलतो. शिवाय एका कंपनीचा एल दुसऱ्या कंपनीच्या एलइतका नसतो. ज्याने खरोखर फिन्स विकल्यात तो आधी बूट कोणते ते विचारतो. अंगात डायव्हिंगचा सूट कोणता घालणार तेही विचारतो. ड्रायसूटमध्ये (ज्यात पाणी शिरत नाही) पाय वर तरंगतात, तिथे जड रबरी फिन्स कामाच्या. पातळ वेटसूटमध्ये (ज्यात पाणी शिरतं) त्याच फिन्स अनेकांचे पाय खाली ओढतात. हा मात्र म्हणाला, "जड फिन सगळ्यांनाच उत्तम." बस, तिथेच कळायला हवं होतं! पण मी नुकताच डायव्हिंगचा कोर्स संपवलेला. कोर्सभर पायाकडे एक नजर टाकून हातात फिन्स दिल्या जात होत्या. बुटांचं महत्त्व मला शिकवायचं काम ज्यांचं होतं त्यांनी ते केलं नव्हतं.

पार्सलच्या पावतीवर वजन होतं १.४ किलो, खोकं आणि स्ट्रॅप धरून. अस्सल रबरी जेट फिन्सचा नुसता जोडच दोन किलोंच्या वर भरतो. पावती वाचा, घेण्याआधी वाचा. खोकं उघडताना व्हिडिओ काढा. फिन पाण्यात टाकून पाहा: अशी सबंध रबराची फिन बुडते. माझी तरंगली. त्याला लगेच कळवलं तर उत्तर आलं, "एकदा वापरून बघा, मग बोलू." परत करायची मुदत संपावी म्हणूनच ते होतं.

वापरून बघितलं, तर १२ मीटर खोलीवर डाव्या फिनचा सांधा सुटला. फूट पॉकेट (पाय घालायचा भाग) आणि ब्लेड चिकटवलेले होते, एकसंध नव्हतेच. ब्लेड दुमडलं, पाण्याला ओढ होती, दुसऱ्या पोटरीत गोळा आला. बडीने, म्हणजे सोबतच्या डायव्हरने, धरून आणलं. पैशांचं दुःख वेगळं, पण हा माणूस पाण्याखाली निकामी होणारी वस्तू जाणूनबुजून विकतोय.

मग सुरू झाली खरी परवड. बँक म्हणाली, ओटीपी तुम्हीच टाकलात, म्हणजे व्यवहार तुमच्या संमतीने झाला. पोलीस ठाण्यात विचारलं, "वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली?" नकली वस्तू अस्सल म्हणून विकणं ही फसवणूक नाही तर काय आहे? ग्राहक तक्रारीवर विक्रेत्याने "माल पोहोचला" एवढं लिहिलं आणि तक्रार "निवारण झाले" म्हणून बंद! पुन्हा उघडायला सांगितलं तर नवी नोंदवा, नवी नोंदवली तर जुनी बंद झालीय म्हणून नाकारली. पेमेंट ॲपवाल्यांना नकली असल्याचं तज्ज्ञाचं प्रमाणपत्र हवंय. ते कोण देतं, हे त्यांनाही सांगता आलं नाही. एका साहेबांनी तर तुटलेली फिन हातात घेऊन "पोहायचं खेळणं" म्हटलं. बारा मीटर पाण्याखाली सुटलेला सांधा त्यांना खेळणं वाटतो!

पैसे दुकानाच्या खात्यावर न मागता कुणा व्यक्तीच्या नावावर मागितले तर पाठवू नका. स्वतःचे बूट घालून, बूट ओले करून फिन्स चढवा. टाच हलता कामा नये आणि बोटं दबता कामा नयेत. आधी भाड्याने घेऊन त्या प्रकारावर दोनचार डायव्ह करा. स्ट्रॅप वेगळे विकत घ्यायला लावले तर मूळ स्ट्रॅप कुठे गेले ते विचारा, मला ते मिळालेच नाहीत.

माझ्याकडे पावती, संभाषण आणि तुटलेल्या सांध्याचे फोटो आहेत. ज्याला अशीच फिन आलीय त्याने आपलेही जपून ठेवावेत, एकत्र तक्रार करता येईल. तोच माणूस आता दुसऱ्या नावाने तोच "शेवटचा जोड" विकतोय. फोटोत फिन्सखाली निळी चटई आहे आणि डाव्या ब्लेडच्या टोकाला पांढरा चरा. हा फोटो दिसला तर एक रुपयाही देऊ नका.